काळी पाच

गोदा वरचा सा लावायची तेव्हा तिच्या गळ्याच्या डाव्या बाजूला, कानाच्या पाळीपासून साधारण चार बोटं खाली, एक शीर उठायची. त्यात विशेष काही नव्हतं. गाणाऱ्या कुणाचीही उठते. सूर थांबला की ती दोन-तीन सेकंदांत खाली बसायला हवी. जुलैमध्ये तिला चार सेकंद लागत होते. दिवाळीच्या सुमारास मी मोजलं तेव्हा नऊ लागले. नऊ सेकंद माझी मुलगी तोंड मिटून, हात मांडीवर ठेवून बसलेली असे आणि तिच्या गळ्यात अजून काहीतरी ओढलेलं असे.

मी गंगाखेडला मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. मोजणं ही माझी सवय. घरात तिची चेष्टाच होई.

गोदा तेव्हा पंधरा वर्षांची होती. तिला गाणं शिकवत ते तिचे वडील, दिनकरराव; ती त्यांना अण्णा म्हणे. ते साखर कारखान्यात टाइमकीपर होते. कुणा गुरूसमोर ते कधी बसले नव्हते. त्यांचा गुरू म्हणजे एक कॅसेट. एका मोठ्या गायिकेच्या मैफलीतला जौनपुरी, कुणा मित्रानं रेकॉर्डवरून भरून दिलेला. दर रविवारी सकाळी आमच्या पुढच्या खोलीत सतरंजी टाकली जाई, संगीत मंडळाची सात-आठ माणसं जमत आणि टेपरेकॉर्डर मधोमध ठेवून ती कॅसेट लावली जाई. मी ती नऊ वर्षं स्वयंपाकघरातून ऐकली. दुसऱ्या आवर्तनानंतर मैफलीतलं कुणीतरी दोनदा खोकतं, हे मला पोळ्या लाटताना आधीच कळे.

दिनकररावांनी पेटीवर सूर लावून शोधून काढलं होतं की त्या बाई काळी पाचमध्ये गातात. काळी पाच म्हणजे पेटीच्या सप्तकातली पाचवी काळी पट्टी. बाईमाणसाच्या गळ्याला ती उंच पडते. बऱ्याच जणी काळी चारमध्ये किंवा त्याच्याही खाली गातात. परभणीचे एक जाणकार पेटीवादक, तात्याराव, एकदा मंडळात आले असताना म्हणाले होते, "दिनकरराव, त्या बाईला मी समोर बसून ऐकलंय. काळी चार. काळी पाच न्हाईच." दिनकररावांनी सगळ्यांसमोर कॅसेट लावली, पेटीची काळी पाच दाबून धरली आणि विचारलं, "आता? कान हायत का कारखान्याचे भोंगे?" तात्याराव चहा न घेता उठून गेले. ही हकिकत पुढे चार वर्षं दर रविवारी सांगितली गेली. मंडळाची माणसं दर वेळी तितकंच हसत.

बाई काळी पाचमध्ये गातात म्हणून गोदानंही काळी पाचमध्ये गायचं. दहाव्या वर्षापासून, सकाळी दीड तास, संध्याकाळी दीड तास.

ऑगस्टमध्ये तिचा आवाज बसला. मी तिला परभणीला नेलं. डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं आणि चिठ्ठीवर लिहून दिलं: स्वरतंतूंच्या कडांना सूज, गाठी धरू लागल्या आहेत, तीन महिने गाणं पूर्ण बंद. तोंडानं म्हणाले, "बाई, हे ऐकलं नाही तर पोरीचा बोलायचा आवाजही जाईल. मग रडत येऊ नका."

एसटीत परतताना मी ठरवलं: गाणं बंद. घरी आल्यावर मी म्हणाले, "थोडी सूज आहे, विश्रांती सांगितलीय."

"थोडी म्हणजे किती?" दिनकररावांनी विचारलं.

"थोडे दिवस."

"चार दिवस घे. गाण्याची स्पर्धा जानेवारीत हाय."

चिठ्ठी मी पर्समध्ये ठेवली. का, ते सांगायला हवं. दिनकरराव हात उगारणाऱ्यातले नव्हते. ते बोलणं बंद करत. एकदा सव्वीस दिवस बंद केलं होतं. त्या दिवसांत ते गोदाला जवळ घेऊन, मला ऐकू जाईल असं, सांगत: "तुझ्या आईला तू गायलेली बघवत न्हाई." गोदाला ते खरं वाटायचं. मला वाटलं, नुसत्या चिठ्ठीला ते जुमानणार नाहीत, माझ्या हातात याहून ठोस काहीतरी असायला हवं. पुरावा असला की भांडावं लागत नाही, असं मी विद्यार्थिनींना शिकवत आले होते.

दिवाळीला माझा भाऊ सिताराम मस्कतहून आला. तिथं तो इलेक्ट्रिशियन होता. त्यानं माझ्यासाठी हातात मावणारा सीडी प्लेअर आणला. बशीएवढा, काळा, सेलवर चालणारा, सोबत कानावर लावायचे फोमचे गोल, आणि शास्त्रीय गाण्याच्या दोन चकत्या.

"ताई, ह्याला फीत न्हाई, सुई न्हाई. उजेडानं वाचतंय."

माझ्या सासूबाई, नर्मदाबाई, सुपात तांदूळ निवडत होत्या. "उजेडानं गातंय व्हय? मग अंधारात मुकं व्हतंय का?"

सिताराम हसला. "न्हाई हो मावशी. उजेड त्याच्या पोटातच हाय."

दिनकररावांनी ते गोल चिमटीत धरून पाहिले. "गाणं चार माणसांत बसून ऐकायचं असतंय. कानात बोळे घालून एकट्यानं ऐकायचं, तर दाद कुणाला देणार? भिंतीला?"

"भावजी, एकदा ऐकून तर बघा."

"ठेव तुझ्या बहिणीला. तिला तसंबी कुणात बसायची सवय न्हाई."

जाताना सितारामनं माझ्या हातात सेलची दोन पाकिटं दिली.

मी तो पुढच्या रविवारी दुपारी लावला. शेजारी पिठाची गिरणी होती. तिचा पट्टा फिरायला लागला की आमचा ओटा थरथरे आणि गाणं अडखळे. म्हणून मी गोधडीची घडी मांडीवर घेतली, तिच्यावर प्लेअर ठेवला आणि भिंतीला पाठ न टेकता बसले. पहिल्या चकतीवर त्याच बाई होत्या आणि तोच जौनपुरी.

मी आवाज ओळखला नाही. कॅसेटवरच्या बाई चपळ होत्या, तीक्ष्ण, थोड्या घाईतल्या. ह्या बाईंचा आवाज रुंद होता. दोन ओळींमध्ये त्या श्वास घेत होत्या तो मला ऐकू येत होता, आणि तो घाईचा नव्हता. तंबोऱ्याच्या चारही तारा वेगवेगळ्या कळत होत्या. वरचा सा आला. कॅसेटवर तो तारेसारखा ताणलेला असायचा. इथं त्यात ऐसपैस जागा होती. मला वाटलं, ही दुसरी मैफल असेल, उतारवयातली. मग दुसरं आवर्तन संपलं आणि कुणीतरी दोनदा खोकलं.

मी डोळे उघडले. प्लेअरच्या झाकणावर एक छोटी खिडकी होती आणि तिच्यात मिनिटं-सेकंद पुढं सरकत होते. गाणं संपलं तेव्हा तिथं बावीस मिनिटं चाळीस सेकंद होते.

शनिवारी शाळा सकाळची. मी प्रयोगशाळेतलं स्टॉपवॉच घेऊन घरी आले. दिनकरराव ड्युटीवर होते. कॅसेट लावली. पहिल्या सुरापासून शेवटच्या टाळ्यांपर्यंत वीस मिनिटं बारा सेकंद. पुन्हा लावली. वीस तेरा. तिसऱ्यांदा वीस बारा.

तेच गाणं, तेच खोकणं, आणि अडीच मिनिटांचा फरक. सीडी प्लेअर क्वार्ट्झच्या स्फटिकाच्या हुकमानं चालतो, मनगटावरच्या घड्याळासारखा; तो असा चुकत नाही. म्हणजे टेपरेकॉर्डर बारा टक्के जोरात पळत होता. फीत जोरात पळाली की सूरही चढतो. पेटीची एक पट्टी म्हणजे साधारण सहा टक्के. बारा टक्के म्हणजे दोन पट्ट्या, मधली पांढरी धरून. एका कानावर गोल ठेवून मी पेटी उघडली. बाईंचा सा काळी चारवर बसला, तंतोतंत. काळी पाचमध्ये त्या कधीच गायल्या नव्हत्या.

संध्याकाळी गोदा मैत्रिणीकडून आली. मी काहीच सांगितलं नाही, फक्त गोल तिच्या कानांवर बसवले. ती डोळे मिटून ऐकत राहिली. सहा-सात मिनिटांनी तिच्या तोंडून नकळत सूर निघायला लागला. हलका, मांजरीच्या घुरघुरीसारखा. मग मोठा. ती बाईंच्या बरोबर वर गेली, वरच्या सावर थांबली. मान सरळ होती, खांदे खाली होते.

तिनं गोल काढले. "आई, ही बाई माझ्या गळ्यात गायलीय."

"दुखलं का?"

"न्हाई." तिनं गळ्याला हात लावून पाहिलं. "खरंच न्हाई दुखलं. आई, अण्णांना सांगू?"

"मी सांगते," मी म्हणाले.

पण आधी मला कारण हवं होतं. टेपरेकॉर्डर एकाच ठिकाणी दुरुस्तीला जाई, बसस्टँडजवळच्या भुजंगच्या दुकानात. मी सोमवारी त्याच्याकडं गेले.

"भुजंग, आमच्या टेपची मोटर कधी बदलली होती का?"

"न्हाई बाई. एकदा निसता पट्टा बदलला. फीत रडायलीय म्हणून आणला होता साहेबांनी. मोटरीला मागून एक भोक असतंय, त्यात इस्क्रू. त्यो फिरवला की चाल कमीजास्त व्हती."

"किती फिरवला?"

"म्या माप लावून बरोबर केलता. साहेब म्हणले, अजून थोडा. केला. म्हणले, अजून थोडा, आता कसं पाणीदार वाटायलंय. म्या म्हणलं, साहेब, ही चाल जास्त झाली." त्यानं कानामागचा पेचकस काढून टेबलावर ठेवला. "तर म्हणले, तू रेडू दुरुस्त कर, गाणं मला शिकवू नको."

त्या रात्रीची जेवणं झाल्यावर मी कागद दिनकररावांसमोर ठेवला. दोन्ही वेळा, टक्के, पट्टी, सगळं चार ओळींत. मी शांतपणे समजावलं. मला खात्री होती.

त्यांनी कागद वाचला, घडी केली आणि तिच्या टोकानं दात कोरायला लागले.

"हे मला आज सांगायलीस?"

"म्हणजे?"

"दोन वर्षांपूर्वी रेडिओवर लागला होता हाच जौनपुरी. कारखान्याच्या ऑफिसात ऐकला मी. मला काय कान न्हाईत? काळी चार हाय, माहीत हाय मला."

"माहीत आहे? मग गोदाला अजून काळी पाचमध्ये का?"

"मग काय करू? मंडळापुढं जाऊन सांगू, तात्याराव बरोबर होता, मी गाढव? चार वर्षं त्याची चेष्टा केली मी. स्पर्धेला परीक्षक तोच हाय. त्याच्यापुढं माझी लेक काळी पाचमध्ये गाणार. तुमच्या बाईला जमलं न्हाई ते माझ्या लेकीला जमलं, असं म्हणायला लावणार त्याला."

"तिच्या गळ्यात गाठी येताहेत."

"थोडी सूज हाय म्हणली होतीस तू. आता गाठी झाल्या?" ते हसले. "तुझ्या प्रत्येक गोष्टीचं असंच असतंय. आधी एक सांगायचं, मग कागद आणायचा."

चिठ्ठी दोन हातांवर, खुंटीवरच्या पर्समध्ये होती; ती काढली असती तर आधी लपवल्याचं कबूल करावं लागलं असतं.

"आन् तो डबा उद्या भावाला परत पाठव. पोरीच्या कानाला लावशील तर याद राख. तिचा सूर उतरवायलीस तू. दुस्वास हाय दुसरं काय."

नर्मदाबाई अंथरुणातून म्हणाल्या, "अगं, बापल्योकीच्या मधी कशाला पडतीस? शिकली-सवरलेली तू, तुला एवढं कळंना?"

दिनकररावांनी बोलणं बंद केलं. प्लेअर मी परत पाठवला नाही. शाळेच्या कपाटात, भिंगांच्या खोक्यामागं ठेवला. मधल्या सुट्टीत कपाटाचं दार अर्धं लावून मी ऐकायची. एकदा मुख्याध्यापिकांनी विचारलं, "कानाला काय झालं?" मी म्हणाले, "काही नाही, तपासतेय." ते खोटंही नव्हतं. मी ऐकत होते ते गाणं म्हणून नव्हे. रोज तोच सा, रोज काळी चार. ज्याला पुराव्यानं फरक पडत नाही अशा माणसाविरुद्ध मी आणखी पुरावा गोळा करत होते. हे माझ्या लक्षात यायला डिसेंबर उजाडला, आणि लक्षात आल्यावरही मी बोलले नाही. गोदा दोन-तीनदा म्हणाली, "आई, सांगितलंस का अण्णांना?" मी म्हणाले, "सांगितलं." ती पुढं काही विचारायची नाही. माझ्या तोंडाकडं बघत राहायची आणि जाऊन तंबोरा घ्यायची.

स्पर्धा परभणीला सतरा जानेवारीला होती. त्याच्या तीन दिवस आधी विद्यापीठाच्या नामांतराची घोषणा झाली; कुठं बंद, कुठं एसटी अडवलेल्या, पालमची गाडी तर आठवडाभर सुटली नाही. स्पर्धा सहा फेब्रुवारीवर गेली. मला वाटलं, आता तरी गळ्याला उसंत मिळेल. दिनकररावांना वाटलं, आता रियाजाला तीन आठवडे जास्त मिळाले. सकाळचा दीड तास अडीच झाला.

गोदा बोलताना आता वाक्याचे शेवट गिळत होती. वर्गात हजेरी देताना ती नुसता हात वर करते, असं तिच्या बाईंनी मला सांगितलं.

तीस जानेवारीला रविवार होता. सतरंजी पडली. मंडळातले आठ जण आले. दिनकररावांनी सांगितलं, आज कॅसेट नाही, आज गोदा पूर्ण जौनपुरी गाणार, स्पर्धेत गाणार तसा. तबल्यावर धोंडीबा होते. मंडळातले सगळ्यात जुने. मी स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवलं होतं.

आलाप ठीक गेला. बंदिशीची पहिली ओळ ठीक गेली. अंतऱ्यात ती वर चढली आणि वरच्या सावर आवाज चिरकला नाही, खरखरलाही नाही. नुसता नव्हता. तोंड उघडं होतं, हवा जात होती, तबला चालू होता.

"पाणी पी," दिनकरराव म्हणाले. "पुन्हा."

ती पाणी प्याली. पुन्हा अंतरा. पुन्हा तिथंच हवा.

"पुन्हा."

"राहू द्या दिनकरराव," धोंडीबा म्हणाले. "लेकरू दमलंय."

"तुमी ठेका धरा धोंडीबा. लेकरू माझं हाय. तात्याराव तिथं दमलंय म्हणून मार्क देणार हाय का?"

दोघं-तिघं हसले. सवयीनं. बाकीचे सतरंजीच्या पट्ट्यांकडं बघत होते. गोदानं तंबोरा नीट धरला. तिनं स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं नाही. माझ्याकडून काही येईल ही तिची अपेक्षा संपली होती. ते मला तिच्या पाठीवरून दिसलं.

मी गॅस बंद केला. पर्समधून चिठ्ठी काढली. त्या खोलीत मंडळ बसलेलं असताना मी आजवर ट्रे घेऊन आले होते आणि ट्रे ठेवून गेले होते. आज मी सतरंजीवर, तबला आणि तंबोरा यांच्या मध्ये येऊन उभी राहिले. ठेका थांबला.

"चहाला वेळ हाय अजून," दिनकरराव म्हणाले. दोन महिन्यांत ते माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

"चहा आणला नाही."

"मग आत जा. तमाशा करू नको माणसांत."

मी चिठ्ठी उघडून धोंडीबांच्या हातात दिली, कारण दिनकररावांनी तिची घडी केली असती. "ही ऑगस्टमधली आहे. परभणीच्या डॉक्टरांनी तीन महिने गाणं बंद सांगितलं होतं. मी ती घरात कुणाला दाखवली नाही. ती माझी चूक."

"पोरीचं वाटोळं करायलीस तू!" दिनकरराव उठले. "गोदा, गा. आईकडं बघू नको. गा म्हणतो ना!"

गोदाचा हात तारांवर गेला. मी खाली वाकले, तंबोरा तिच्या मांडीवरून उचलला आणि माझ्या छातीशी धरला. तारा माझ्या हाताला लागून वाजल्या. माझा आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोहोचत होता.

"गोदा गाणार नाही," मी म्हणाले. "आज नाही, सहा तारखेला नाही, आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत ह्या घरात एक सूरही नाही."